ग्रीनच्या पलीकडे गेलेला चेंडू: टॉम वॉटसन, टर्नबेरी २००९

रविवार, १९ जुलै २००९. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, टर्नबेरीच्या एल्सा कोर्सवर, अठराव्या होलच्या फेअरवेत, म्हणजे कापलेल्या गवताच्या पट्ट्यात, अमेरिकी गोल्फपटू टॉम वॉटसन उभा आहे. ओपन चॅम्पियनशिप या मोठ्या स्पर्धेत चार दिवसांत ७२ होल खेळायचे, ज्याचे फटके सर्वात कमी तो विजेता; त्यातले ७१ झालेत आणि तो एका फटक्याने पुढे आहे. हा होल चार फटक्यांत संपवला की विजेतेपद त्याचं. पहिला फटका मारून झालाय, चेंडू फेअरवेत झकास पडलाय. दीड महिन्याने, ४ सप्टेंबरला, या माणसाला साठावं वर्ष पुरं होणार आहे. खुब्याचा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया होऊन वर्षही उलटलेलं नाही. आता पुढच्या फटक्याला आठ नंबरची आयर्न (लोखंडी तोंडाची काठी) घ्यायची की थोडं कमी लांब मारणारी नऊ नंबरची, एवढंच ठरवायचं आहे.

त्याने आठ नंबरची घेतली. चेंडू सुरेख उडाला, ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर पडला, घरंगळत घरंगळत पलीकडच्या गवतात गेला. होल पाच फटक्यांत संपला, बरोबरी झाली, निकालासाठी प्लेऑफ झाला आणि वॉटसन हरला.

ही गोष्ट सांगताना लोकांचा गळा दाटून येतो. मलाही तेव्हा वाईट वाटलं होतं. पण हे प्रकरण पुन्हा पुन्हा तपासल्यावर माझं मत बदललं. त्या रविवारी वॉटसनच्या हातून जे निसटलं, ते त्याच्या कारकिर्दीतलं सर्वात महाग निसटणं नव्हतं. ते पंचवीस वर्षं आधीच घडून गेलं होतं, आणि तेव्हा फारसं कुणी हळहळलं नव्हतं.

आधीचा हिशेब

वॉटसन कॅन्सस सिटीचा. स्टॅनफर्डमधून मानसशास्त्राची पदवी घेऊन १९७१ मध्ये व्यावसायिक गोल्फमध्ये उतरला. सुरुवातीला त्याच्यावर शिक्का बसला होता की हा शेवटच्या दिवशी कच खातो. शिक्क्याला आधारही होता: १९७४ च्या यूएस ओपनमध्ये विंग्ड फूटवर तीन दिवस संपले तेव्हा तो आघाडीवर होता, चौथ्या दिवशी त्याचे ७९ फटके झाले. त्यानंतर बायरन नेल्सनसारख्या जुन्या जाणत्या खेळाडूने त्याला हाताशी धरलं. १९७५ मध्ये कार्नूस्टीला वॉटसन आयुष्यातली पहिली ओपन खेळला आणि जिंकूनच परतला.

मग १९७७ टर्नबेरी, १९८० म्यूरफील्ड, १९८२ ट्रून, १९८३ बर्कडेल. नऊ स्पर्धांत पाच विजेतेपदं. यातली १९७७ ची टर्नबेरी अजूनही लोकांच्या तोंडी आहे. जॅक निकलॉस आणि वॉटसन शेवटचे दोन दिवस एकत्र खेळले. तिसऱ्या दिवशी दोघांचेही ६५, चौथ्या दिवशी वॉटसनचे ६५ आणि निकलॉसचे ६६. एका फटक्याने निकाल लागला. तिसरा आलेला ह्यूबर्ट ग्रीन वॉटसनच्या ११ फटके मागे होता. बाकीचे सगळे जणू वेगळीच स्पर्धा खेळत होते.

ओपन सर्वाधिक वेळा, म्हणजे सहा वेळा, जिंकण्याचा विक्रम हॅरी व्हार्डनचा. तो १९१४ पासून उभा आहे. १९८४ मध्ये सेंट अँड्र्यूजला वॉटसन त्याच्या दाराशी पोचला होता. वय चौतीस, आधीच्या दोन्ही वर्षांचा विजेता, आणि शेवटच्या दिवशी स्पेनच्या सेव्ह बॅलेस्टेरोसबरोबर अटीतटीची लढत. सतराव्या होलवर, ज्याला रोड होल म्हणतात, वॉटसनने दोन नंबरची आयर्न घेतली. चेंडू ग्रीन ओलांडून रस्त्यापलीकडे दगडी भिंतीच्या पायथ्याशी जाऊन थांबला. तिथे एक फटका गेला. पुढे अठराव्यावर बॅलेस्टेरोसने बर्डी केली, म्हणजे पारपेक्षा (होलसाठी ठरलेल्या फटक्यांपेक्षा) एक फटका कमी घेतला. दोन फटक्यांनी स्पर्धा गेली.

इथे जरा थांबतो, कारण मला या प्रकरणाचा गाभा हा वाटतो. चौतिशीत हरणाऱ्याला सगळे म्हणतात, ‘पुढच्या वर्षी बघू.’ पुढच्या वर्षी न दिसण्यासारखं तेव्हा काही नव्हतंच. आठ मेजर (गोल्फच्या वर्षातल्या चार सर्वात मोठ्या स्पर्धा म्हणजे मेजर) जिंकलेला, जगातला सर्वोत्तम म्हणावा असा खेळाडू. सहावी ओपन आज नाही तर उद्या. पण १९८३ नंतर वॉटसनने एकही मेजर जिंकली नाही. त्याचं लांबचं खेळणं शाबूत राहिलं, बिघडलं ते पटिंग, म्हणजे ग्रीनवर चेंडू होलात ढकलणं. चार-पाच फुटांवरचे पट, जे त्याने ऐन उमेदीत डोळे मिटून घातले असते, तेच चुकायला लागले. १९८७ मध्ये पीजीए टूरवर (अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत) एक स्पर्धा जिंकली, त्यानंतरची थेट १९९६ मध्ये. म्हणजे सेंट अँड्र्यूजला जी गाडी चुकली ती शेवटची होती, आणि फलाटावर उभ्या असलेल्या कुणालाच ते ठाऊक नव्हतं.

चार दिवस

२००९ ला वॉटसन टर्नबेरीला आला तो माजी विजेता म्हणून. ओपनमध्ये माजी विजेत्याला साठीपर्यंत थेट प्रवेश असे. आपल्याकडच्या वाचकाला हे थोडं वेगळं वाटेल. क्रिकेटमुळे आपल्या डोक्यात निवृत्तीचं एक चित्र पक्कं बसलंय: मार्च १९८७ मध्ये बेंगळुरूच्या फिरक्या खेळपट्टीवर, चौथ्या डावात, पाकिस्तानविरुद्ध ९६ धावा काढून सुनील गावसकर कसोटीतून बाहेर पडला. सामना १६ धावांनी गेला, पण जाण्याची वेळ साधली ती अशी, की तिचे दाखले आजही दिले जातात. गोल्फमध्ये ही कसोटी तशी लागू पडत नाही. तिथे निवड समिती नाही, जागा अडवल्याचा ठपका नाही. दरवाजा उघडा आहे तोवर यावं, खेळावं. बहुतेक जुने विजेते दोन दिवस खेळतात, टाळ्या घेतात, कट, म्हणजे शेवटच्या दोन दिवसांसाठीची चाळणी, चुकवून शुक्रवारी घरी जातात. वॉटसनही तसाच जाईल असं सगळ्यांनी धरलं असणार.

पहिले दोन दिवस त्याच्या गटात सर्जिओ गार्सिया आणि मात्तेओ मानासेरो होते. मानासेरो सोळा वर्षांचा, हौशी खेळाडू. दोघांच्या वयात त्रेचाळीस वर्षांचं अंतर. गुरुवारी वारा पडलेला होता आणि वॉटसनने ६५ फटक्यांत फेरी संपवली. मिगेल आन्हेल हिमेनेझच्या ६४ च्या एकच मागे. शुक्रवारी वारा उठला. पहिल्या नऊ होलांत वॉटसनचे फटके भराभर वाया जात होते. उत्तरार्धात तो सावरला, सोळाव्या आणि अठराव्या होलवर लांबलचक पट गेले, ७० झाले, आणि तो स्टीव्ह मारिनोबरोबर अव्वल स्थानी आला. त्याच दिवशी टायगर वूड्स कट चुकवून परतीच्या वाटेला लागला. शनिवारी ७१ फटके, आणि आता आघाडीवर वॉटसन एकटा.

शनिवारी पत्रकारांपुढे त्याने स्वतःचीच थट्टा केली. पहिल्या दिवशी लोक म्हणाले, म्हातारबुवांना मिरवू द्या. दुसऱ्या दिवशी म्हणाले, बरं चाललंय. आज मात्र कान टवकारून म्हणतायत की हा म्हातारा खरंच जिंकायचा की काय. अशा अर्थाचं तो बोलला.

हे कसं शक्य झालं, याचं उत्तर भावनेत शोधण्यापेक्षा जमिनीत शोधावं. समुद्राकाठच्या वाळूच्या, टणक मैदानाला लिंक्स म्हणतात. तिथे चेंडू उंच मारून जागच्या जागी थांबवता येत नाही. तो ग्रीनच्या अलीकडे टाकायचा आणि धावू द्यायचा. मनगटात ताकद किती, याला तिथे थोडं कमी मोल. कुठला उंचवटा चेंडू कुठे ढकलतो, वारा अंगावर असताना किती खाली मारायचं, हे माहीत असणं जास्त कामाचं. वॉटसनने हे पस्तीस वर्षांत अंगी मुरवलं होतं. सांधा बदलल्यावर खुबाही दुखत नव्हता, त्यामुळे स्विंग मोकळा झाला होता. टणक जमिनीने आणि वाऱ्याने त्याला रविवारपर्यंत आणलं. त्याच दोघांनी पुढे काय केलं ते येईलच.

जाता जाता एक. त्याच आठवड्यात इंग्लंडचा रॉस फिशर आघाडीच्या खेळाडूंत होता, आणि त्याची पत्नी कोणत्याही क्षणी बाळंत होणार होती. त्याने जाहीर करून टाकलं होतं की निरोप आला तर स्पर्धा अर्धवट सोडून जाईन, आघाडीवर असलो तरी. रविवारी तो सुरुवातीला खरोखरच आघाडीवर होता. मग पाचव्या होलवर आठ फटके झाले आणि तो प्रश्नच मिटला. बाळ काही स्पर्धा संपेपर्यंत आलं नाही.

एक होल, तीन निर्णय

सतराव्यावर बर्डी करून वॉटसन पुन्हा एकाने पुढे गेला होता. अठरावा होल पार चारचा. पुढे खेळणाऱ्या स्टुअर्ट सिंकने तिथेच बर्डी करून एकूण पारपेक्षा दोन कमी फटक्यांवर खेळ संपवला होता आणि तो वाट बघत होता.

पहिला निर्णय, आठ की नऊ. वारा पाठीमागून. नऊ नंबरची आयर्न घेतली तर चेंडू आखूड पडून ग्रीनच्या अलीकडे राहण्याची भीती. आठ घेतली तर लांब जाण्याची. वॉटसनने नंतर सांगितलं की फटका त्याला हवा तसाच लागला, चेंडू हवेत असताना तो त्याला आवडलाही होता. निकाल बघून निर्णयाला नावं ठेवणं सोपं असतं. तरीही माझ्या मते इथे तराजू किंचित नऊकडे झुकतो. अलीकडे राहिलेला चेंडू दोन पटांत होलमध्ये जाणं, हे ग्रीनमागच्या गवतातून वर येण्यापेक्षा सोपं. शिवाय अटीतटीच्या वेळी अंगात जी तरतरी येते तिने चेंडू नेहमीपेक्षा लांब जातो, हे सगळे खेळाडू जाणतात. पण ‘किंचित’ हा शब्द इथे महत्त्वाचा. शंभरदा हा फटका मारला तर पुष्कळदा तो ग्रीनवरच थांबेल. टणक जमीन आणि पाठीवरचा वारा, ज्यांनी त्याला इथवर आणलं, त्यांनी शेवटच्या होलवर चेंडू पुढे नेऊन सोडला.

सेंट अँड्र्यूजची आठवण इथे येतेच. तेव्हाही चेंडू ग्रीनच्या पलीकडेच गेला होता.

दुसरा निर्णय: ग्रीनमागच्या गवतातून चिप करायची, म्हणजे चेंडू थोडा उचलून मारायचा, की पटरने ढकलायचं. वॉटसनने पटर घेतला. अशा जागी पटर घेणं लिंक्सवर रूढच आहे, त्यात वावगं काही नाही. अडचण एवढीच की गवत चेंडूचा वेग किती खाईल, हा अंदाजपंचे मामला असतो. चेंडू होलच्या पुढे निघून गेला, साधारण आठ फूट.

आणि मग चौथा फटका. याला मी निर्णय म्हणतो, कारण एवढ्या वेळात निर्णय घेण्याजोगं फार काही नसलं तरी हात काय करणार हे कुठेतरी ठरतच असतं. आठ फुटांचा पट. गेला तर सहावी ओपन, व्हार्डनशी बरोबरी, आणि इतिहासातला सर्वात वयस्कर मेजर विजेता. तोवरचा तो मान ज्यूलियस बोरॉसचा होता, १९६८ च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. पट दुबळा निघाला. होलात जाण्याचा त्याचा कधी विचारच नव्हता, असा. ज्याने ऐंशीच्या दशकात त्याचा घात केला तोच जुना वैरी चार दिवस गप्प बसून नेमका तेव्हा उठला.

म्हणून मी वयाला दोष देत नाही. आठ नंबरच्या आयर्नवर वयाचा काही परिणाम नव्हता. आणि पट तर वॉटसन चाळिशीतही असेच चुकवत होता.

प्लेऑफ

वय दिसलं ते इथे. पाचवा, सहावा, सतरावा, अठरावा असे चार होल. सिंकचे १४ फटके, वॉटसनचे २०. सतराव्यावर वॉटसनचा पहिलाच फटका डावीकडे दाट गवतात गेला आणि त्या पार पाचच्या होलवर त्याचे सात झाले. पाय जड झालेत, हे टीव्हीवरूनही कळत होतं. आपल्याकडे रविवारची रात्र बरीच झाली होती. झोपायला जावं की बघत राहावं, असं वाटायला लावणारे ते चार होल होते. यावर जास्त लिहिण्यासारखं नाही.

पत्रकार कक्षात सगळे खाली मान घालून बसले होते. वॉटसन आत आला आणि म्हणाला की हे काही मयत नाही. गोष्ट झकास झाली असती, नाही का, असंही तो म्हणाला. आतडी पिळवटून निघतात, नेहमीच निघत आली आहेत, हेही त्याने लपवलं नाही. ‘नेहमीच’ हा शब्द बघावा. या माणसाच्या लेखी २००९ चा पराभव वेगळ्या जातीचा नव्हता. आधीच्या पराभवांच्या ओळीत तो आणखी एक येऊन बसला, तेवढ्याच दुखऱ्या जागी. करुण कहाणी करायची घाई बाकीच्यांना होती.

जिंकला त्याची गोष्ट

स्टुअर्ट सिंकला या प्रकरणात बहुधा खलनायकासारखं वागवलं जातं, जे अगदीच चुकीचं आहे. वेळेची थप्पड काय असते हे त्या मैदानावर त्याच्याइतकं क्वचितच कुणाला कळलं असेल. २००१ च्या यूएस ओपनमध्ये, सदर्न हिल्सवर, शेवटच्या होलवर त्याचा पारचा पट चुकला. रेटीफ गूसन समोर जिंकण्याच्या बेतात होता, तेव्हा आता आपलं काय राहिलं, आपला चेंडू आत टाकून बाजूला व्हावं, अशा घाईत सिंकने जेमतेम दीड फुटाचा पटही चुकवला. लगेच गूसननेही तीन पट घेतले. तो दीड फुटाचा पट गेला असता तर सिंक प्लेऑफमध्ये असता.

टर्नबेरीला हीच गोष्ट ली वेस्टवूडच्या वाट्याला आली. वॉटसनच्या पुढच्या गटात, अठराव्यावर, त्याने तीन पट घेतले आणि एका फटक्याने प्लेऑफ हुकला. मागून येणारा पाच करील, असं कुणाच्या डोक्यात येणार? मात्र २००१ मध्ये सिंकला आणि २००९ मध्ये वेस्टवूडला घड्याळाने एकच गोष्ट सांगितली: दुसऱ्याचा होल संपल्याशिवाय आपला संपला असं धरू नये.

सिंकची ती एकमेव मेजर. नंतर अकरा वर्षं त्याला पीजीए टूरवर काहीच जिंकता आलं नाही. २०२० मध्ये पुन्हा जिंकला, २०२१ मध्ये आणखी एकदा, वय सत्तेचाळीस, मुलगा कॅडी, म्हणजे बॅग उचलणारा सोबती. छत्तिसाव्या वर्षी जग जिंकल्यासारखं वाटलं असेल, तेव्हा हे वेळापत्रक त्याला कुणी दाखवलं असतं तर त्याने ते घेतलं असतं का, कोण जाणे.

दोन पराभव शेजारी ठेवून

१९८४ आणि २००९ शेजारी ठेवले की एक विचित्र गोष्ट दिसते. चौतिसाव्या वर्षी वॉटसनकडे सगळं होतं: शरीर, पटिंग, सलग दोन वर्षांचा दबदबा. तेव्हाचा पराभव ‘लांबणीवर पडलेला विजय’ वाटला. एकोणसाठाव्या वर्षी त्याच्याकडे नवा खुबा, जुनी माहिती आणि सहा आठवड्यांवर आलेली साठी होती. तेव्हाचा पराभव ‘हुकलेला योग’ वाटला. खरं तर उलट होतं. १९८४ मध्ये गेलं ते हक्काचं होतं. २००९ मध्ये जे जवळ आलं ते हिशेबाबाहेरचं, वरकड होतं.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला, असं म्हणून यातून सुटता येत नाही. कावळा बसायला तिथे आलेला असावा लागतो. वॉटसन १९८३ ते २००९ या सव्वीस वर्षांत दरवर्षी काही ना काही बिघडलेलं घेऊन खेळत राहिला. १९९६ मध्ये मेमोरियल जिंकला, १९९८ मध्ये कलोनियल. २००३ च्या यूएस ओपनला, त्रेपन्नाव्या वर्षी, पहिल्या दिवशी ६५ मारून आघाडीवर आला. त्या दिवशी बॅग उचलणारा त्याचा वर्षानुवर्षांचा कॅडी ब्रूस एडवर्ड्स एएलएस या आजाराने खंगत चालला होता आणि बोलताना त्याची जीभ अडखळत होती. एप्रिल २००४ मध्ये मास्टर्सच्या पहिल्याच दिवशी सकाळी ब्रूस गेला. वॉटसन त्या दिवशीही खेळला. टर्नबेरीला बॅगेवर होता तो नील ऑक्समन, ब्रूसचा मित्र.

२००९ चा एक कागदोपत्री परिणाम मात्र राहिला. वॉटसनच्या खेळानंतर ओपन भरवणाऱ्या आर अँड एने नियमात बदल केला: ओपनमध्ये पहिल्या दहांत येणाऱ्या माजी विजेत्याला पुढची पाच वर्षं प्रवेश, वय काहीही असो. हरलेल्या प्लेऑफने त्याला आणखी खेळायला वेळ मिळवून दिला. २०११ मध्ये, एकसष्टाव्या वर्षी, रॉयल सेंट जॉर्जेसला सहाव्या होलवर त्याने टीवरून एका फटक्यात चेंडू होलात घातला, आणि त्या वर्षी कटही पार केला.

दरम्यान बोरॉसचा विक्रम २०२१ मध्ये पन्नास वर्षांच्या फिल मिकेलसनने मोडला. ओपन मात्र टर्नबेरीला पुन्हा गेलेली नाही.

वॉटसनची शेवटची ओपन २०१५ ची, सेंट अँड्र्यूजलाच. शुक्रवारी सकाळी पावसाने मैदानात तळी साचली आणि खेळ तीन तासांहून जास्त लांबला. त्यामुळे त्याचा गट, एर्नी एल्स आणि ब्रँट स्नेडेकर यांच्यासह, शेवटच्या होलांवर पोचला तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते. बॅगेवर त्याचा मुलगा मायकेल. आधी सतरावा, तोच रोड होल, आणि मग अठरावा. स्विल्कन पुलावर फोटोसाठी तो थांबला तेव्हा अंधार इतका दाटला होता की चेहऱ्यापेक्षा कॅमेऱ्यांचे फ्लॅशच जास्त दिसत होते. त्या दिवशी त्याचे ८० झाले. लोक मात्र घरी गेले नव्हते.